घाटाखालचे ब्रेकवाले

खान्देशातून बाहेर पडायचं म्हणजे घाट आलाच. इंदूरकडे निघालात की शिरपूर मागे पडतं, पळासनेर येतं आणि सातपुड्यातला बिजासन घाट सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरकडे जायचं तर चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट. जळगावहून गेलात तर फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा. सुरतेच्या रस्त्यावर साक्रीच्या पुढे कोंडाईबारी. नाशिककडे तर धुळ्याबाहेर पडतानाच लळिंगची चढण, आणि चांदवडजवळ राहुड घाट. मधलं तापी-पांझरेचं खोरं मात्र सपाट, काळ्या मातीचं. सपाटीवर गाडीच्या ब्रेकचं दुखणं महिनोन् महिने लपून राहतं. घाटात ते उघडं पडतं, आणि घाट उतरून आलेला ड्रायव्हर पहिल्या मोठ्या गावात शोधतो तो ब्रेकवाल्यालाच.

धुळ्यात आग्रा रोडला आणि पारोळा चौफुलीला, जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास गॅरेजं वाढली, त्यामागे हा भूगोल आहे. मी त्या गॅरेजवाल्यांपैकीच एक. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड केला, एसटीत अप्रेंटिसशिप केली, मग आग्रा रोडवरच्या एका उस्तादांच्या हाताखाली राहिलो आणि नंतर स्वतःचं शटर उघडलं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जिवापाड जपलेले आहेत. पण गॅरेजवाल्यांनी कागद ठेवले नाहीत, त्यांची विद्या हातात आणि कानात राहिली. ज्यांच्याकडून मी ती घेतली त्यांतले बरेच आता नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

पेशवाई गेली तेव्हा, १८१८ साली, खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी पुढच्याच वर्षी धुळ्याला मुख्य ठिकाण केलं, कारण गाव मुलखाच्या मध्यावर होतं आणि दक्षिणेतून हिंदुस्थानात जाणाऱ्या वाटेवर होतं. धुळ्याच्या सरळ, नंबरांच्या गल्ल्या त्या काळच्या आखणीची आठवण आहेत. रेल्वे आली ती मात्र धुळ्याला बगल देऊन. जीआयपी कंपनीची मुख्य लाइन १८६० च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला गेली. धुळ्याच्या वाट्याला १९०० साली चाळीसगावहून एक फाटा आला आणि तो धुळ्यातच संपला. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली २०२४ मध्ये. मधली सव्वाशे वर्षं धुळ्याने सडकेच्या जिवावर काढली. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि माझ्या मते कारागिरांचीही तशीच वाटणी झाली. भुसावळकडचा हुशार पोरगा रेल्वेच्या शेडमध्ये गेला, धुळ्याचा मोटारीखाली सरपटला.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर-कोलकाता या दोन सडका धुळ्यात एकमेकींना छेदतात. तिसरी सोलापूरकडे निघते. सरकारने नंबर बदलून आता बावन्न, त्रेपन्न, साठ केलेत. जुने ड्रायव्हर अजून तीन नंबर आणि सहा नंबरच म्हणतात, आणि मीही.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. तिथे जोडलेल्या शेवरोले आणि तशाच परदेशी सांगाड्यांवर लाकडी बॉडी ठोकून खाजगी मोटारवाले सर्व्हिस चालवायचे, तो काळ माझ्या आजोबांच्या पिढीचा. त्या गाड्यांचे ब्रेक लोखंडी सळयांचे आणि तारांचे होते. पॅडल दाबलं की सळई ओढली जायची आणि ड्रमच्या आतले शू फाकायचे. एका चाकाची सळई थोडी ढिली, दुसऱ्याची थोडी ताठ, की गाडी ब्रेक मारल्याबरोबर एका अंगाला ओढायची. चारही चाकं सारखी धरतील अशी सळई लावणं हेच तेव्हाच्या मेकॅनिकचं कसब. पुढे तेलाचे ब्रेक आले. माल्कम लॉकहेड या अमेरिकनाने १९१७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, शेवरोलेने १९३६ पासून ते घेतले आणि फोर्डने १९३९ पासून. तेलाचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, त्यामुळे सळयांची कटकट संपली. आमच्या लोकांना एक नवी कटकट शिकावी लागली: हवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की तो दबतो, आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. एकाने आत बसून पॅडल मारायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल सोडायचा, तेल बुडबुड्याशिवाय सलग यायला लागलं की आवळायचा. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक पोऱ्याला पहिलं काम हेच मिळायचं. मलाही हेच मिळालं होतं.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली आणि मग राज्यभर डेपो झाले. खान्देशात मोटारविद्या शिकवणारी सगळ्यात मोठी शाळा म्हणजे हे डेपो, असं मी ठामपणे म्हणतो. त्याआधी काम शिकायचं तर उस्तादाची मर्जी सांभाळायची. डेपोत कामाला रीत होती. गाडी किती किलोमीटर चालली की चाक खोलायचं, लायनर किती उरलं की बदलायचं, हे ठरलेलं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. आयटीआयची पोरं डेपोत यायला लागली आणि तिथून बाहेर पडून गावोगाव गॅरेजं टाकायला लागली. अमळनेर, चोपडा, शहादा, शिरपूर, कुठेही जुन्या मेकॅनिकला विचारा, मुळाशी बहुतेक वेळा एक डेपो निघतो.

आता लायनरकडे येतो. आमच्या धंद्याचा जीव त्यात होता.

फिरत्या चाकाला काहीतरी घासूनच थांबवायचं असतं. घासणारी वस्तू झिजते, म्हणून ती बदलता येईल अशी असावी लागते. हे पहिल्यांदा एका बाईने ओळखलं. बर्था बेंझ १८८८ मध्ये नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मुलांसोबत मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर एका चांभाराने बसवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने डोंगरातले गाडीवान ब्रेकला जुन्या बुटांचे तळ ठोकतात हे पाहिलं, आणि त्यातून ‘फेरोडो’ नावाची कंपनी उभी राहिली. त्याची सुरुवातीची लायनर सुती पट्ट्यांची होती. पण सूत तापलं की करपतं, आणि घाटात तर ते तापणारच. म्हणून १९०८ च्या सुमारास अॅस्बेस्टॉस आलं. ते जळत नाही, त्यामुळे पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या ब्रेकमध्ये तेच बसलं. त्याची किंमत नंतर सांगतो.

भारतात ही लायनर साठच्या आणि सत्तरच्या दशकांत सहज मिळायला लागली. मद्रासला १९६२ मध्ये ब्रेक्स इंडिया निघाली, पुढे राणे आणि सुंदरम यांची लायनर आली. त्याआधी सुटा भाग मुंबईहून मागवायचा आणि वाट पाहत बसायचं. इंग्लंडच्या गर्लिंग कंपनीच्या नावावरून आलेले ‘गर्लिंगचा मास्टर’, ‘गर्लिंगचं किट’ हे शब्द आमच्या तोंडी इतके बसले की कुठल्याही कंपनीच्या मास्टर सिलिंडरला जुने लोक गर्लिंगच म्हणतात.

उस्तादांच्या दुकानात दारातच एक जाड लाकडी ठोकळा आणि त्यावर व्हाइस असायचा. ट्रकचा शू आला की आधी तो डिझेलमध्ये धुवायचा. जुन्या लायनरचे रिव्हेट छिन्नीने उडवायचे नाहीत, ड्रिलने काढायचे; छिन्नीने शूची भोकं अंड्यासारखी लांबट होतात आणि मग नवा रिव्हेट कधीच घट्ट बसत नाही. शूचा पत्रा कानशीने साफ करून गंजाचा कणही ठेवायचा नाही, कारण लायनरखाली उंचवटा राहिला तर ते घाटात तडकतं. मग नवं लायनर धरायचं आणि रिव्हेट मधून बाहेरच्या बाजूला मारत जायचे. टोकांकडून सुरुवात केली की मध्ये पोकळी राहते. रिव्हेट पितळी किंवा तांब्याचे, मऊ धातूचे, आणि त्यांची डोकी लायनरच्या आत खोल बसलेली. उस्ताद प्रत्येक रिव्हेटवर हातोडीचे नेमके तेवढेच ठोके घालत आणि मग लायनरवर बोटाच्या पेराने वाजवून बघत. ठक्क आवाज आला तर बसलं. भद्द आला तर पुन्हा काढ. शेवटी ड्रमच्या आत खडू फासायचा, शू घालून ड्रम हाताने फिरवायचा आणि काढून बघायचं की लायनरवर खडू कुठे कुठे लागला. मध्येच लागला असेल तर तेवढा भाग कानशीने उतरवायचा. खडू सगळीकडे सारखा उठेपर्यंत शू गाडीवर चढत नसे. इतक्या काळजीने केलेलं काम मी त्यानंतर फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

लायनर झिजून रिव्हेटपर्यंत गेलं की खरखर सुरू होते. रिव्हेटची डोकी ड्रममध्ये चऱ्या पाडतात. तेवढ्यात गाडी आली तर लायनर बदललं, ड्रम लेथवर हलका टर्न केला की काम झालं. पुढे ढकललं तर शूचा लोखंडी पत्राच ड्रमला लागतो. गाडी आग्रा रोडवरून वळायच्या आधीच उस्ताद आतून सांगत, ‘‘लोखंडाले लोखंड लागनं रे भो.’’ ते मूळचे धुळ्याचेच, अहिराणी बोलत. गिऱ्हाईक गाडीतून उतरून बोलायला लागलं की त्याला हाताने थांबवत. ‘‘तू नको सांगू, तुनी गाडीले सांगू दे.’’

साठ-सत्तरच्या दशकांत खान्देशातल्या घरच्या गाड्या म्हणजे अँबेसेडर आणि फियाट. दोन्हींना चारही चाकांना ड्रम. बागायतदारांकडे महिंद्राच्या जीप. नंतर जीप, कमांडर आणि ट्रॅक्स काळ्या-पिवळ्या रंगात वडाप करायला लागल्या. त्या गाड्यांनी आमचं पोट भरलं, आणि त्यांच्याइतके हाल कुठल्या ब्रेकचे झाले नसतील. आत माणसं दाटून भरलेली, मागे पाय लटकवून आणखी काही, वर टपावर पोती. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात काळी चिकण माती ड्रममध्ये शिरायची, वाळली की खापरासारखी कडक व्हायची आणि लायनर खायची. रावेर, सावदा, यावल भागातून केळी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकांचं निराळं. केळी थांबत नाही. रात्री माल भरला की सकाळपर्यंत जितकं अंतर कापता येईल तितकं कापायचं, त्यामुळे ते ड्रायव्हर ब्रेकच्या कामाला उभे राहायला तयार नसत. उस्तादांनी केळीचे ट्रक तसेच परत पाठवलेले मी पाहिले आहेत: ‘‘रातभर थांबस तर खोलतू, नही तं दुसराकडे जाय.’’ अर्धवट काम करून घाटात सोडायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

मग मारुती आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला खान्देशात मारुती ८०० दिसायला लागली. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि कॅलिपर. डिस्क ब्रेकचं पहिलं पेटंट इंग्लंडच्या लँचेस्टरने १९०२ मध्येच घेतलं होतं, जॅग्वार कंपनीने १९५३ ची ल मांची शर्यत डिस्कच्या जोरावर जिंकली होती, पण आमच्या हाताखाली ती यायला इतका काळ गेला. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून घाटात पॅडल खाली खाली जातं. डिस्कमध्ये असं होत नाही, शिवाय ती उघड्या वाऱ्यात असते, लवकर निवते. ब्रेक चांगले झाले यात शंका नाही. पण रिव्हेट, ठोकळा, खडू ही सगळी विद्या एका फटक्यात बाजूला पडली. पॅड झिजले की नवे पॅड टाका. लायनर बसवणाऱ्यांनी हळूहळू ट्रक आणि ट्रॅक्टरची कामं तेवढी धरून ठेवली, काहींनी दुकानं बंद केली. मला त्याचं दुःख आहे, पण तक्रार नाही. गिऱ्हाईक सुखरूप घरी पोचतं ते बरं.

कान मात्र बाजूला पडायला नको होता, आणि तोच पडला. म्हणून एक काम सविस्तर सांगतो.

पारोळ्याच्या बाजूचे एक शिक्षक त्यांची छोटी गाडी घेऊन आले. पुढून घर्र घर्र, ब्रेक मारला की जास्त. त्याआधी त्यांनी एका ठिकाणी दाखवली होती. तिथे चाकाच्या जाळीतून बघून पॅड चांगले आहेत, धूळ गेली असेल, असं सांगून पाण्याचा मारा करून गाडी परत दिली होती. मी त्यांना शेजारी बसवून गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. आधी ब्रेकला पाय न लावता ऐकलं. तेव्हाही सलग खर्र येत असती तर मी डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा शोधला असता. फागणे ते तरसोद रस्त्याचं काम कित्येक वर्षं चाललं, तेव्हा असे खडे आम्ही रोज काढायचो. वेगाबरोबर घुमणारा आवाज असता आणि गाडी वळवली की तो कमी-जास्त झाला असता, तर चाकाचं बेअरिंग. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येऊन बंद होणारी खरखर असती तर बिडाच्या डिस्कवर धरलेला गंज, त्याला काहीच करावं लागत नाही. बारीक चिरकी शिट्टी असती तर पॅडला लावलेली छोटी पत्री. ती मुद्दाम लावलेली असते, पॅड संपत आला की डिस्कला टेकून ओरडते. यांची शिट्टी महिन्याभरापूर्वी वाजून संपली होती, शिक्षकांनीच ते सांगितलं. आता येत होती ती जाड खरखर. पाय टेकवला की पॅडलमध्ये थरथर, आणि गाडी किंचित उजवीकडे ओढत होती.

परत येऊन चाकांना हात लावला. डावं पुढचं रिम उजव्यापेक्षा चांगलंच गरम. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड दिला, कारण नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही. चाक काढलं. बाहेरचा पॅड खरंच अर्धा शिल्लक होता. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि आतला पॅड हातात घेतला: त्यावर लायनर नव्हतंच, नुसता लोखंडी पत्रा, निळा पडलेला. डिस्कच्या आतल्या अंगाला नख अडकेल एवढ्या खोल चऱ्या. बाहेरून जाळीतून हे कुणालाही दिसलं नसतं. कारण कॅलिपरच्या पिनांमध्ये होतं. दोन पिनांवर कॅलिपर सरकतो, तेव्हा दोन्ही पॅड सारखे धरतात. एका पिनेचं रबर फाटून आत पाणी-माती गेली होती, पीन गंजून जाम. कॅलिपर सरकेना, मग सगळं काम पिस्टनच्या बाजूचा एकटा आतला पॅड करत राहिला, आणि सुटतही नव्हता. चाक गरम होतं ते त्यामुळे.

डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. टर्न करून ती त्याखाली जात होती, म्हणून दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क टाकल्या. ब्रेकचं काम एका चाकाचं कधी करत नाहीत, जोडीनेच करतात. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला, नळीवर लोंबकळत सोडला नाही. नळी आतून फाटली तर बाहेरून कळत नाही. पिना पॉलिश पेपरने चमकवून, नवी रबरं घालून, उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. साधं ग्रीस वितळून पॅडवर उतरतं. पिस्टन क्लॅम्पने सावकाश मागे दाबला. तेव्हा टाकीतलं तेल वर येतं, त्याच्याकडे पोऱ्याला लक्ष ठेवायला लावलं, ते सांडलं तर रंग जातो. तेल काळं पडलं होतं, ते बदलून हवा काढली. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट-३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेलं १४० ला उकळायला लागतं आणि उतारावर ऐन वेळी नळीत वाफ होते. नट आमनेसामने आवळले. आणि गाडी हलवायच्या आधी पॅडल मारून वर आणलं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले दोन-तीन पॅडल थेट तळाला जातात. हे विसरून गॅरेजमधून गाडी बाहेर काढणारा सरळ समोरच्या भिंतीवर जातो.

एवढ्या कामाला अर्धा दिवस लागला. शिट्टी वाजली तेव्हाच आले असते तर नुसत्या पॅडच्या किमतीत निभावलं असतं.

ट्रक-बसला दरवर्षी नाहीतर दोन वर्षांनी पासिंग करावं लागतं, १९३९ च्या मोटार कायद्यापासून ही पद्धत आहे. पासिंगचे दिवस जवळ आले की आमच्याकडे लायनरच्या कामांची गर्दी व्हायची. घरच्या गाडीला मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षं कुणी सरकारी माणूस विचारत नाही. त्या काळात तिच्या ब्रेकची तपासणी करणारा एकच, तिच्या मालकाचा कान. आता काचा वर, एसी चालू, गाणी चालू. आवाज आत पोचतच नाही. पुढचं पाऊल तर याहून अवघड आहे: विजेच्या गाड्या मोटारच उलटी वापरून वेग कमी करतात, ब्रेक फारसा लागत नाही, आणि न वापरल्याने डिस्क गंजतात. त्यांचेही पॅड खोलून बघावे लागतात.

घाटाचं गणित सांगतो. भरलेला १६ टनांचा ट्रक २०० मीटर उंचीवरून खाली उतरला तर त्याच्या वजनातून निघणारी ऊर्जा पाऊण लिटरहून जास्त डिझेल जाळल्याइतकी असते. इंजिनने ती रोखली नाही तर सगळी ब्रेकमध्ये जाते. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणारा माणूस ही सगळी आग स्वतःच्या चाकांत ओततो. लायनर तापून गुळगुळीत होतं, वास येतो, मग पाय कितीही दाबला तरी गाडी धरत नाही. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला भरधाव कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, दहाहून जास्त माणसं गेली. त्याचे ब्रेक निकामी झाल्याचं समोर आलं. त्या रस्त्याने आमच्याकडे गाड्या येतात. त्या दिवशी चौफुलीवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याच वर्षी कन्नड घाटातून जड वाहनांना न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. त्याने त्या घाटातली कोंडी सुटली असेल, पण वळसा घेऊन जाणाऱ्या ट्रकांचे ब्रेक तेच आहेत.

अॅस्बेस्टॉसचं सांगायचं राहिलं. ड्रम काढला की आत काळी-करडी भुकटी असायची आणि आम्ही ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचो, तोंडाला रुमालही नसायचा. त्या भुकटीतले तंतू फुप्फुसात अडकून राहतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगापर्यंत नेतात, हे वैद्यकशास्त्राने पक्कं सांगितलं आहे. त्या पिढीतले कितीतरी हात खोकत खोकत गेले. आता नामांकित कंपन्यांची लायनर अॅस्बेस्टॉसविरहित असतात, स्वस्त मालाची खात्री मी देत नाही. म्हणून माझ्या गॅरेजात ड्रमची धूळ ओल्या फडक्यानेच पुसली जाते, आणि नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

धुळे-जळगावच्या आयटीआयमध्ये संगणक लावून गाडीचा दोष शोधायला शिकवतात, ते शिकवायलाच हवं. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालंय, ते वायरिंग कळल्याशिवाय चालणार नाही. पण संगणकाला जाम झालेली पीन दिसत नाही. पोरांना रस्त्यावर नेऊन बिघडलेल्या गाड्यांचे आवाज ऐकवावेत, खडा कसा वाजतो, बेअरिंग कसं, पत्री कशी, लोखंड कसं. निवृत्त एसटी मेकॅनिक अजून गावोगाव आहेत, बोलावलं तर आनंदाने येतील.

आणि वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. पावसाळा सुरू व्हायच्या आधी, किंवा बिजासन, अजिंठा, कोंडाईबारी उतरायचा असेल तर निघण्यापूर्वी, चारही चाकं खोलून घ्या. मेकॅनिकला आतला पॅड बाहेर काढून हातात द्यायला सांगा. लायनर तीन मिलिमीटरवर आलं असेल तर त्याच दिवशी बदला. घाटात गाडी गिअरमध्येच ठेवा, चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला.